युद्धकाळात सुट्टीवरून न परतलेला जवान: 'डेझर्टर' कधी ठरतो आणि घरच्यांनी काय करायचं?

कोरेगावकर (धागाकर्ता)

आपल्या सातारा-सांगलीत माण, खटाव, कोरेगाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ कुठंही जा, पलटणीत माणूस नाही असं गाव सापडायचं नाही. अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. मे २०२५ मध्ये सुट्टीवरच्या जवानांना परत बोलावणं आलं, तेव्हापासून एक विषय पारावर निघतो आणि अर्धवट माहितीवर संपतो. म्हणून हा धागा.

समजा, जवान रजेवर आहे. पलटणीला हलायचा हुकूम येतो, त्याला फोन जातो, तो निघत नाही. कारण काहीही असो: आई अतिदक्षता विभागात, शेताचा वाद, किंवा मनच खचलेलं. काही दिवसांनी पोलीस पाटलाकडं चौकशी येते आणि गावात 'पळून आला' हा शिक्का बसतो. कायद्याने तो खरंच डेझर्टर झाला का? कोणत्या दिवशी झाला? त्या दिवसाआधी काय करता येतं? ज्यांना हे कागद माहीत आहेत त्यांनी नेमकं लिहावं. शौर्यगाथा आणि शिव्या, दोन्ही इथं नकोत.

---

पलटणीचं_दप्तर

कागद कोणत्या क्रमाने हलतात ते सांगतो. घरच्यांना नेमकं तेच ठाऊक नसतं.

रजा संपल्यावर किंवा बोलावण्याच्या तारखेला जवान हजर झाला नाही की त्याची नोंद ओएसएल म्हणून पडते, म्हणजे रजा संपूनही गैरहजर. युनिटमधूनच निघून गेला असेल तर एडब्ल्यूएल, म्हणजे परवानगीविना गैरहजर. ही नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानांच्या सेवा-नोंदींचा पलटणीचा आदेश) निघते आणि तिथून पगार थांबतो. गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार आणि भत्ते कापले जातात, पुढं निर्दोष सुटण्याची वाट कुणी पाहत नाही. 'खात्यात पैसे आले नाहीत' हे बायकोच्या लक्षात आधी येतं, पोलीस नंतर येतात.

त्यानंतर ॲप्रिहेन्शन रोल निघतो. त्यात नाव, नंबर, वर्णन, घरचा पत्ता, जवळचे नातेवाईक आणि शेवटची रजा किती ते असतं. तो जिल्हा पोलीस अधीक्षकांना जातो, प्रती रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेची नोंद ठेवणारं कार्यालय) आणि इतर ठिकाणी. रोल आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. 'हा माणूस आमच्याकडं नाही, सापडला तर ताब्यात द्या' एवढाच त्याचा अर्थ.

खरी तारीख ३० दिवसांची. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम १०६: परवानगीविना गैरहजेरीला ३० दिवस झाले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. ती शपथेवर दोन गोष्टी तपासते. एक, तो कधीपासून गैरहजर आहे आणि पुरेसं कारण आहे का. दोन, त्याच्या ताब्यातलं सरकारी सामान पुरं आहे का: हत्यार, दारूगोळा, कपडे, किट. ट्रंक साक्षीदारांसमोर उघडून यादी होते. गैरहजेरी जाहीर झाली की ती कोर्ट-मार्शल बुकात चढते, आणि त्यानंतरही तो आला नाही किंवा सापडला नाही तर कायदा त्याला डेझर्टर मानतो.

म्हणून पहिले ३० दिवस सोन्याचे. या काळात घरून गेलेला एक नीट कागद नंतरच्या दहा वकिलांपेक्षा जास्त काम करतो, कारण इन्क्वायरीसमोर फाईलमध्ये जे असेल तेच बोलतं. फाईल कोरी असेल तर 'पुरेसं कारण नाही' याखेरीज तिला दुसरं काही लिहिता येत नाही.

---

मिरजेचे_वकील

दप्तरवाल्या साहेबांनी चौकट दिली, आता आरोपाकडं येऊ. लोक दोन कलमांची गल्लत करतात.

कलम ३९ म्हणजे परवानगीविना गैरहजर राहणं किंवा पुरेशा कारणाविना रजा ओलांडणं. कमाल शिक्षा तीन वर्षं कैद. याच कलमाचा (क) भाग आपल्या प्रश्नावर नेमका बसतो: रजेवर असताना आपली पलटण ॲक्टिव्ह सर्व्हिसला (लढाईच्या किंवा मोहिमेच्या कामावर) निघाल्याची खबर योग्य अधिकाऱ्याकडून मिळाली आणि तरीही पुरेशा कारणाविना विलंब न लावता तो परतला नाही. म्हणजे युद्धाच्या वेळी न परतणं हे आपोआप डेझर्शन होत नाही. कायद्याने त्यासाठी वेगळी जागा ठेवली आहे आणि तिथंही कमाल तीनच वर्षं.

कलम ३८ म्हणजे डेझर्शन. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना, किंवा तिचा हुकूम मिळालेला असताना केलं तर मृत्युदंडापर्यंत. इतर वेळी सात वर्षांपर्यंत कैद.

या दोहोंत फरक हेतूचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये कॅप्टन वीरेंद्र कुमार यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: नुसती गैरहजेरी वेगळी, आणि परत न येण्याच्या इराद्याने केलेली गैरहजेरी वेगळी. नुसत्या गैरहजेरीला डेझर्शन मानायचं तर कलम १०६ ची पद्धत पाळून तशी घोषणा झालेली हवी, आणि नंतरही माणूस हजर झालेला किंवा पकडला गेलेला नसावा. त्या खटल्यात ती पद्धत पाळलीच गेली नव्हती.

अजून एक. कलम १३९ प्रमाणे डेझर्शनचा आरोप असलेल्याला कोर्ट फक्त गैरहजेरीबद्दल दोषी धरू शकतं. म्हणून बचावाची रेघ पुष्कळदा 'मी गेलोच नव्हतो' अशी नसतेच. गैरहजेरी कबूल, इराद्याला नकार, अशी ती असते.

---

जतकर

वकीलसाहेब, दोन शंका. खबर फोनवर आली, कागद नाही, तर ती 'मिळाली' धरतात का? आणि कुणी म्हणालं की मी परत जाणारच होतो, चकमकी थांबल्यावर स्वतःहून गेलो, तर इरादा नव्हता असं होत नाही का?

---

मिरजेचे_वकील

जतकर दादा, पहिलीचं उत्तर: फोन चालतो, पण तो सिद्ध करावा लागतो. कुणी केला, कोणत्या नंबरवर, कधी, काय सांगितलं, आणि सांगणारा 'योग्य अधिकारी' होता का. सेक्शनमधल्या मित्राने 'अरे, गाडी हलतेय' म्हणणं वेगळं आणि ॲडज्युटंटच्या (पलटणीचं प्रशासन पाहणारा अधिकारी) हुकमाने हेडक्लार्कने कळवणं वेगळं. व्हॉट्सॲपवर संदेश आला असेल तर तो पुसू नका. तुमच्या विरुद्ध वाटत असला तरी नका. पुसलेला संदेश समोरच्याकडं असतोच, आणि पुसणं हाच इराद्याचा पुरावा होऊन बसतो.

दुसऱ्या शंकेचं उत्तर कडू आहे. डेझर्शनचा इरादा दोन प्रकारचा धरतात: कधीच न परतण्याचा, किंवा विशिष्ट महत्त्वाची कामगिरी चुकवण्याचा. लढाई संपल्यावर परत जायचं ठरवून घरी बसलेला माणूस दुसऱ्या प्रकारात सापडतो. 'मी परत जाणारच होतो' हे वाक्य तिथं वाचवत नाही. म्हणूनच युद्धकाळात हजर होण्याची तारीख इतकी महत्त्वाची: कामगिरी चालू असताना पोचलेला आणि संपल्यावर पोचलेला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

इरादा कशावरून ताडतात? किती दिवस, किती लांब, नाव बदललं का, दुसरी नोकरी धरली का, पासपोर्टची खटपट केली का, ओळखपत्र फेकलं का, किट विकलं का, युनिटला काही कळवलं का. यातलं शेवटचं तेवढं पूर्णपणे घरच्यांच्या हातात असतं.

---

माणदेशी

माझं स्पष्ट मत: जो बोलावणं आल्यावर घरी बसतो त्याच्या जागी दुसरा कुणीतरी चौकीवर उभा राहतो, आणि तोही कुणाचा तरी मुलगा असतो. सवलतीच्या वाटा शोधण्याआधी हे डोक्यात असावं.

---

पलटणीचं_दप्तर

माणदेशी, मान्य. कायदा कडक आहे तो त्यासाठीच, आणि तसाच असावा. पण खचलेला माणूस, अडकलेला माणूस आणि चुकवणारा माणूस यांना एका दोरीत बांधलं की काय होतं हे पहिल्या महायुद्धाने दाखवलं. ब्रिटिश फौजेने डेझर्शन, भ्याडपणा अशा आरोपांवरून ज्यांना गोळ्या घातल्या त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली कायदा करून माफी द्यावी लागली. त्यांत तोफांच्या माऱ्याने मनाने मोडलेले पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एडी स्लोविक या एकाच शिपायाला डेझर्शनसाठी गोळ्या घातल्या, ३१ जानेवारी १९४५ रोजी. छाननी नीट झाली तर खऱ्या चुकवणाऱ्यालाच शिक्षा होते, आणि तेच चौकीवर उभ्या असलेल्याच्याही हिताचं.

---

खाकी_सातारा

पोलिसांकडची बाजू.

कलम १०४ प्रमाणे कमांडिंग ऑफिसरच्या सहीचा लेखी अर्ज आला की पोलिसांना मदत करावीच लागते. कलम १०५ आणखी पुढं जातं: डेझर्टरबद्दलची लेखी माहिती आली की ती दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटसारखी धरून शोध घ्यायचा. शिवाय सैन्यातला आणि डेझर्टर असल्याचा वाजवी संशय असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, मात्र विलंब न लावता जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. पुढं युनिटला कळवतात, एस्कॉर्ट येतं आणि घेऊन जातं.

घरच्यांनी दोन गोष्टी बघायच्या.

स्टेशन डायरीत 'पकडला' असं पडतं की 'स्वतः हजर झाला' असं पडतं, यावर लक्ष ठेवा. जवान स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला असेल तर नोंद तशीच व्हायला हवी. कलम १४२ प्रमाणे ठाणे अंमलदाराच्या सहीचं प्रमाणपत्र कोर्ट-मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालतं. त्यात हजर झाल्याची किंवा पकडल्याची तारीख, ठिकाण आणि अंगावर कपडे कोणते होते हेसुद्धा लिहितात. तारीख एका दिवसाने चुकली तरी ती पुढं तशीच वाचली जाते. जमल्यास वकिलामार्फत प्रत मागा.

आणि ठाण्यापेक्षा थेट लष्करी ठिकाणी हजर होणं केव्हाही बरं. मिरजेवरून बेळगाव रेल्वेने एका दमात होतं, साताऱ्याहून पुणे जवळ. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं सेंटर आणि रेकॉर्ड बेळगावलाच आहे. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकला. दुसऱ्या रेजिमेंटचा असला तरी लष्करी ठिकाणी त्याला हजर करून घेता येतं. तिथल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्रही त्याच कलमाखाली पुरावा ठरतं.

---

शिराळ्याची_लेक

नमस्कार. विचारायला संकोच वाटतो, पण अशा वेळी घरातल्या बाया सगळ्यात जास्त भरडल्या जातात. मुलगा घरात आहे आणि पोलीस दारात आले. आईने 'नाही' सांगितलं तर तिच्यावर गुन्हा होतो का?

---

मिरजेचे_वकील

ताई, होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १६४ (जुन्या दंड संहितेत १३६): सैनिक पळून आलाय हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून, त्याला आसरा दिला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. यात अपवाद एकच, पती किंवा पत्नी. बायकोने नवऱ्याला आसरा दिला तर हे कलम लागत नाही. आई, बाप, भाऊ, मेहुणा यांना ही सूट नाही. 'जाऊ नकोस' म्हणून चिथावणी देणाऱ्याला कलम १६३ आहे, त्यालाही दोन वर्षांपर्यंत.

भाऊ स्वतः फौजेत असेल तर प्रकरण आणखी गंभीर. त्याने जाणूनबुजून आसरा दिला तर आर्मी ॲक्टच्या कलम ३८ (२) खाली सात वर्षांपर्यंत कैद, आणि माहीत असून वरिष्ठाला लगेच कळवलं नाही तर दोन वर्षांपर्यंत. आपल्याकडं एका घरातले दोघं-तिघं भरती असतात, म्हणून हे ठळक सांगतोय. थोरल्याची नोकरी धाकट्याच्या प्रकरणात जाऊ शकते.

आईने खोटं बोलू नये, लपवू नये. त्याला घेऊन निघावं, हेच तिच्या आणि त्याच्या भल्याचं.

---

सिव्हिल_वॉर्ड

आजारपणाचे कागद कुठं फसतात ते लिहितो. जवान स्वतः आजारी असेल तर नियम सरळ: जवळच्या लष्करी रुग्णालयात दाखल व्हायचं. पुणे किंवा बेळगावपर्यंत हलवण्यासारखी अवस्था नसेल तरच सरकारी रुग्णालय, म्हणजे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आणि ज्या दिवशी दाखल झाला त्याच दिवशी युनिटला कळवायचं.

फसतं ते असं. खाजगी डॉक्टरचं 'पंधरा दिवस विश्रांती' असं एका ओळीचं प्रमाणपत्र, त्यावर ना ओपीडी नंबर, ना तपासण्या, आणि तारीख मागाहून टाकलेली. असं प्रमाणपत्र असण्यापेक्षा नसलेलं परवडतं, कारण ते खोटं ठरलं की बाकीचे खरे कागदही संशयात येतात. चांगल्या कागदावर दाखल नोंदणी क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जच्या तारखा, निदान, आणि 'प्रवासास अयोग्य' हे शब्द कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं असतं. आई-वडील आजारी असतील तर रुग्णाच्या कागदाबरोबर घरात दुसरं कुणी सांभाळणारं नव्हतं याचा तलाठी किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. नुसतं आजारपण 'पुरेसं कारण' ठरेलच असं नाही.

मनाच्या आजाराबद्दल घरचे हमखास गप्प बसतात. झोप न लागणं, दचकणं, दारू वाढणं, स्वतःला इजा करण्याचं बोलणं, असं काही असेल तर मिरजेत किंवा साताऱ्यात मनोविकार विभागात दाखवा आणि केसपेपर जपा. युनिटला कळवलं तर लष्करी मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. लाजेपोटी हे लपवलं की फाईलमध्ये उरतं ते फक्त 'कारण सांगितलं नाही'.

---

मिरजेचे_वकील

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला कायद्याचा आधार जोडतो, कारण हे कलम फारसं कुणी वापरत नाही. आर्मी ॲक्टचं कलम १४३: आरोपीने गैरहजेरीचं वाजवी कारण सांगितलं आणि त्यासाठी एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचा हवाला दिला, तर कोर्टाने त्या अधिकाऱ्याला पत्र लिहायचं आणि उत्तर येईपर्यंत कामकाज तहकूब ठेवायचं. त्याचं सही केलेलं लेखी उत्तर शपथेवरच्या साक्षीइतकंच धरतात. सरकारी डॉक्टरचा कागद खाजगीपेक्षा भारी पडतो तो यामुळंही.

---

पलटणीचं_दप्तर

युनिटला कळवायचं ते असं. कमांडिंग ऑफिसरच्या नावे अर्ज: आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी, रजा कधीपासून कधीपर्यंत, न येण्याचं कारण, कधी येऊ शकतो, सोबतचे कागद. स्पीड पोस्टने पाठवा. एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालय) पत्त्यावर, विशेषतः पलटण हललेली असताना, पत्र पोचायला वेळ लागतो. म्हणून दुसरी प्रत रेकॉर्ड ऑफिसला, तिसरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्या. अर्ज केला म्हणजे रजा वाढली असं समजू नका. मंजुरी आली नाही तर ती नामंजूरच, आणि निघायचं.

---

कोरेगावकर

एक प्रश्न राहिला. लढाईत बेपत्ता झालेल्याला चुकून डेझर्टर ठरवलं तर?

---

पलटणीचं_दप्तर

झालेलं आहे. कारगिलच्या वेळी सॅपर आरिफ बेपत्ता झाला आणि डेझर्टर ठरवला गेला. प्रत्यक्षात तो पाकिस्तानच्या कैदेत होता, २००४ मध्ये सुटून आला. गावात त्याच्या घरच्यांना काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा.

म्हणून जवान घरी पोचलाच नसेल आणि 'तुमचा मुलगा पळाला' असं पत्र आलं, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी ठाण्यात हरवल्याची तक्रार द्या, प्रत युनिटला आणि रेकॉर्डला पाठवा, शेवटचा फोन कधी आला, पैसे शेवटचे कुठून काढले ते लिहा. सात वर्षं ज्यांना खबर लागायला हवी त्यांना ती लागली नाही तर कायदा मृत्यू गृहीत धरतो (भारतीय साक्ष अधिनियम, कलम १११), आणि कुटुंबाच्या पेन्शनची लढाई त्यावर उभी राहते. पण तक्रारच नोंदली नसेल तर तारीख मोजायची कुठून?

---

मिरजेचे_वकील

हजर झाल्यावर काय, ते थोडक्यात.

ताब्यात घेतल्याची खबर मिळाल्यावर ४८ तासांच्या आत कमांडिंग ऑफिसरने आरोपाची चौकशी सुरू करायची असते. ॲक्टिव्ह सर्व्हिस नसेल आणि कोर्ट-मार्शलचा हुकूम न होता आठ दिवस उलटले, तर विलंबाचं कारण वर कळवावं लागतं, पुढंही दर आठ दिवसांनी. आर्मी रूल २२ खाली आरोप त्याच्यासमोर ऐकला जातो, रूल २३ खाली समरी ऑफ एव्हिडन्स (साक्षींची लेखी नोंद) लिहिली जाते. साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क इथंच मिळतो, आणि पुष्कळ जवान भीतीने 'प्रश्न नाही' म्हणून सही करतात. हीच संधी. अर्ज पाठवला होता का, पोचला का, फोन कुणी केला, हे हेडक्लार्कला इथं विचारायचं.

समरी कोर्ट-मार्शल कमांडिंग ऑफिसर एकटा चालवतो. लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी देऊ शकतो. 'फ्रेंड ऑफ द ॲक्यूज्ड', म्हणजे आरोपीचा मदतनीस, सल्ला देतो, पण कोर्टासमोर बोलू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विश्व प्रिया सिंग खटल्यात सांगितलं की हा मार्ग अपवादाचा, तातडीची गरज असेल तेव्हाचा. सगळ्यात मोठी चूक इथं होते: 'गुन्हा कबूल कर, सुटशील' ऐकून कबुली देणं. गैरहजेरी कबूल आणि डेझर्शन नाकबूल असं उत्तर देता येतं, हे त्याला आधी माहीत असायला हवं.

मृत्युदंड फक्त जनरल किंवा समरी जनरल कोर्ट-मार्शल देऊ शकतं. पहिल्यात किमान पाच अधिकारी आणि दोन-तृतीयांश सहमती, दुसऱ्यात किमान तीन आणि सर्वांची सहमती. वर मंजुरीही लागते.

---

जतकर

आणि कुणी गेलाच नाही तर? 'तीन वर्षं दडी मार, आपोआप नाव कटतं' असं सर्रास सांगतात.

---

पलटणीचं_दप्तर

नाव कटतं ते बडतर्फीने. साध्या प्रकरणात तीन वर्षांनी, आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवरून किंवा हत्यार घेऊन गेला असेल तर दहा वर्षांनी. बडतर्फीनंतर आधीच्या नोकरीचं पेन्शन मिळत नाही. खटल्याला तीन वर्षांची मुदत असते ती डेझर्शनला लागू नाही (कलम १२२), म्हणजे तलवार टांगलेलीच. उलट, शिक्षा होऊनही बडतर्फी टळली तर जप्त झालेली आधीची नोकरी पुढच्या तीन वर्षांच्या उत्कृष्ट आणि रेड इंक (शिक्षेची लाल शाईतली नोंद) नसलेल्या सेवेनंतर पेन्शनसाठी परत धरता येते. बारा-चौदा वर्षं नोकरी झालेल्याने हा हिशेब कागदावर मांडून बघावा.

---

मिरजेचे_वकील

बडतर्फीचा आदेश घरी आला तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का तारखेचा पुरावा असतो. आधी लष्कराकडं किंवा केंद्र सरकारकडं अर्ज (शिक्षा कोर्ट-मार्शलची असेल तर आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली), मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्याला मुंबई पीठ. नोकरीविषयक बाबीत अंतिम आदेशापासून सहा महिने मुदत आहे, उशिराला कारण द्यावं लागतं. कोर्ट-मार्शलच्या कामकाजाची प्रत मागायचा हक्क आहे, ती लेखी मागा. बडतर्फीआधी कारणे दाखवा नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली हे पहिल्यांदा तपासा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस हा पुष्कळ अपिलांतला सगळ्यात भक्कम मुद्दा असतो. म्हणून घर बदललं, वाटणी झाली, गाव सोडलं, की सर्व्हिस रेकॉर्डमधला पत्ता रजेवर असतानाच बदलून घ्या.